इम्प्लांट काढायचं ठरल्यावर

डाव्या स्तनात कर्करोग निघाला तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. स्तन काढला, त्या जागी सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं, वरून रेडिएशन झालं आणि पुढची दहा-एक वर्षं बरी गेली. मग ते घट्ट व्हायला लागलं, दुखायला लागलं, तपासणीत आतून फुटलेलं निघालं आणि काढावं लागलं. तेव्हापासून ठाण्यातल्या ओळखीच्या, ओळखीच्यांच्या ओळखीच्या बायका फोन करतात. कुणी माझ्यासारखी कर्करोगातून गेलेली असते, तर कुणी बाळंतपणानंतर स्वतःच्या मर्जीने इम्प्लांट बसवून घेतलेलं असतं. या दुसऱ्या बायका फार हळू बोलतात, नाव सांगत नाहीत. विचारतात मात्र सगळ्या एकच: "काढून टाकलं की सुटले ना हो मी?" फोनवर जे तुकड्यातुकड्यांनी सांगते, ते इथे एकत्र लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. जे भोगलं आणि डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे पक्कं करून घेतलं, तेवढंच यात आहे.

१. इम्प्लांट जन्मभरासाठी नसतं

हे बसवतानाच सांगतात, पण कर्करोगाच्या धामधुमीत दहा वर्षांनंतरचा विचार कोण करतं? अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने, म्हणजे तिकडच्या एफडीएने २०११ साली जे आकडे पुढे ठेवले, ते प्रत्येक बाईने वाचावेत असे आहेत. सौंदर्यासाठी इम्प्लांट बसवलेल्या दर पाच जणींपैकी एकीला दहा वर्षांच्या आत ते काढावं लागू शकतं. कर्करोगानंतर बसवलेल्यांत हे प्रमाण दर दोघींपैकी एकीपर्यंत जातं. त्यामुळे काढायची वेळ आली म्हणजे आपल्याच नशिबाला काहीतरी वाईट आलं, असं समजू नये.

सलाइनचं, म्हणजे मिठाच्या पाण्याचं इम्प्लांट फुटलं तर ती बाजू चपटी होते, बाईला स्वतःलाच कळतं. सिलिकॉनचं तसं नाही. जेल दाट असतं, जागच्या जागी राहतं, बाहेरून आकार तोच दिसतो. फुटून कित्येक महिने, वर्षं झाली तरी पत्ता लागत नाही. म्हणूनच २०२१पासून एफडीएची शिफारस आहे की सिलिकॉनचं इम्प्लांट असलेल्या बाईने पाच-सहा वर्षांनी पहिली आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्यावा, काही त्रास नसला तरी. आपल्याकडे हे फारसं कुणी आठवण करून सांगत नाही. आपणच तारीख लिहून ठेवायची.

माझा एमआरआय झाला तेव्हा पालथं झोपवून छाती खालच्या दोन खळग्यांत सोडली होती. नंतर रेडिओलॉजिस्टनी पडद्यावर दाखवलं. पांढऱ्या जेलच्या मधोमध काळ्या, वाकड्यातिकड्या रेघा एकमेकींवर पडलेल्या. "हे इम्प्लांटचं कवच," ते म्हणाले, "फाटून आत पडलंय." फुटल्याची खूण मात्र वरून हाताला कुठेच लागत नव्हती.

२. कॅप्सूल समजून घेतल्याशिवाय पुढचं काही समजत नाही

शरीरात बाहेरची वस्तू गेली की शरीर तिच्याभोवती स्वतःचं वेष्टण विणतं. इम्प्लांटभोवती विणतं, पेसमेकरभोवतीही विणतं. यालाच कॅप्सूल म्हणतात. हा रोग नाही. उकडलेलं अंडं सोलताना कवचाखाली पापुद्रा लागतो, तितकी ती पातळ आणि मऊ असते, आणि बहुतेक बायकांत तशीच राहते. काहींमध्ये मात्र ती जाड होते, आवळत जाते, कधी तिच्यात चुन्याचे कण बसतात. डॉक्टर तिच्या चार पायऱ्या करतात. पहिलीत काहीच कळत नाही, दुसरीत हाताला थोडं घट्ट लागतं, तिसरीत आकार बिघडलेला दिसतो, चौथीत दुखतं. रेडिएशन झालेल्या छातीवर हे जास्त होतं.

माझी चौथी पायरी होती. दोरीवर कपडे वाळत घालायला हात वर केला की डाव्या बाजूने कुणीतरी आतून ओढून धरल्यासारखं व्हायचं. डाव्या कुशीवर झोपणं बंद झालं. इम्प्लांट गळ्याच्या हाडाकडे सरकलं होतं, एका बाजूची ब्रा वर चढायची. नणंद भेटल्यावर मिठी मारायची तर मी उजवी बाजू पुढे करायचे. हे सगळं इतक्या हळूहळू होत गेलं की वर्षभर मी त्याला वय म्हणत होते.

३. कशासाठी काढतोय, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे

कडक झालं, फुटलं, जंतुसंसर्ग झाला, जागेवरून सरकलं, भोवती पाणी साठलं, अंगभर त्रास होतोय अशी शंका आहे, किंवा आता नकोच आहे. यातलं कोणतंही कारण पुरेसं आहे, शेवटचंसुद्धा. पण प्रत्येक कारणामागचं ऑपरेशन निराळं असतं. सलाइनचं साधं इम्प्लांट काही वेळा जागेपुरती भूल आणि थोडं गुंगीचं औषध देऊन काढतात. जुनं, फुटलेलं, कॅप्सूल चिकटलेलं इम्प्लांट काढायला पूर्ण भूल लागते, दोन-तीन तास लागू शकतात. ज्या सर्जनने कारण न विचारता पॅकेज सांगितलं, त्यांच्याकडे मी दुसऱ्यांदा गेले नाही.

४. कॅप्सूल पूर्ण काढण्याचा हट्ट धरू नये, गरज असेल तरच काढावी

फोनवर सगळ्यात जास्त बोलणं यावर होतं. इन्स्टाग्रामवर परदेशी बायका काढलेल्या इम्प्लांटचे फोटो टाकतात, पिशवीसकट अख्खं बाहेर आलेलं. खाली लिहिलेलं असतं की एन ब्लॉक पद्धतीनेच काढा, कॅप्सूलचा कणही आत राहू देऊ नका. मग इथल्या बायका सर्जनकडे जाऊन तेच मागतात, आणि नाही म्हणणाऱ्या डॉक्टरला सोडून देतात.

एन ब्लॉक ही कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतली पद्धत आहे. इम्प्लांट आणि कॅप्सूल एकत्र, न उघडता, भोवतालच्या थोड्या निरोगी भागासकट काढायचं. कॅप्सूलमध्ये लिम्फोमा, म्हणजे लसीकापेशींचा कर्करोग (सहाव्या मुद्द्यात आहे) सापडला असेल तर ती आवश्यकच आहे, तिथे तडजोड नाही. फुटलेल्या सिलिकॉनसाठीही सर्जन शक्यतो कॅप्सूल न फोडता काढू बघतात, म्हणजे जेल पसरत नाही. पण निरोगी, पातळ कॅप्सूलसाठी हा आग्रह धरला तर चीर मोठी घ्यावी लागते, आपलं स्वतःचं ऊतक जास्त जातं आणि रक्तस्राव वाढतो. शिवाय एक धोका असा आहे की तो फोटोत कधीच दिसत नाही.

तो धोका मला माझं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावला. इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली असेल तर कॅप्सूलची मागची भिंत थेट फासळ्यांवर आणि दोन फासळ्यांमधल्या पातळ स्नायूंवर बसलेली असते. त्याच्या लगेच खाली फुप्फुसाचं आवरण. "पुढची बाजू मी सगळी काढीन," त्या म्हणाल्या, "मागची जिथे सहज सुटेल तिथे. तुमची रेडिएशन झालेली छाती आहे, घट्ट चिकटलेलं असणार. ते ओरबाडायला गेले आणि आवरणाला भोक पडलं तर हवा शिरून फुप्फुस बसेल." तसं झालं तर छातीत नळी घालावी लागते, मुक्काम वाढतो. माझ्या मागच्या भिंतीचा एक पट्टा त्यांनी तसाच ठेवला. बाकीची कॅप्सूल पॅथॉलॉजीला गेली. रिपोर्ट स्वच्छ आला, आणि त्या राहिलेल्या पट्ट्याने मला आजवर काही केलेलं नाही.

म्हणून मी सांगते, सर्जनला असं विचारा: माझ्या बाबतीत कॅप्सूलचा कोणता भाग काढाल, कोणता ठेवाल आणि का? ठरवलेलं आत गेल्यावर बदलावं लागलं तर कशावरून बदलाल? काढलेला भाग तपासायला पाठवणार का? या तिन्हीची सरळ उत्तरं देणारा डॉक्टर मला 'हो, सगळं काढून देतो' म्हणणाऱ्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

५. अंगभर त्रास खरा असतो, पण त्याचं उत्तर एकच नसतं

माझ्या शेजारच्या खाटेवर तिशीतली एक मुलगी होती. तिचं इम्प्लांट सौंदर्यासाठी बसवलेलं, फुटलेलं नव्हतं, दिसायला काही बिघाड नव्हता. पण दोन वर्षं ती थकलेली होती. सांधे दुखायचे, केस गळायचे, वाचलेलं लक्षात राहायचं नाही. घरचे म्हणायचे, मनाचे खेळ आहेत.

मनाचे खेळ म्हणून हे उडवून लावणं चूक आहे. हजारो बायकांनी अशी लक्षणं सांगितली आहेत, त्याला ब्रेस्ट इम्प्लांट इलनेस असं नाव पडलं आहे, आणि २०२१ साली एफडीएने इम्प्लांटच्या माहितीपत्रकावर जी चौकटीतली कडक सूचना सक्तीची केली, तिच्यातही या लक्षणांचा उल्लेख आहे. मात्र ते ओळखणारी कुठलीही रक्ततपासणी नाही. तेव्हा ऑपरेशनआधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, संधिवाताच्या तपासण्या, आणि वय असेल तर पाळी जाण्याचा काळ, एवढं पाहून घेतलंच पाहिजे. बी-१२ आणि ड आपल्याकडे इतक्या बायकांचं कमी असतं की ते न बघता छाती उघडणं मला पटत नाही.

इम्प्लांट काढल्यावर बऱ्याच जणींना बरं वाटतं. सगळ्यांना वाटत नाही. अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की लक्षणं कमी होण्याचा आणि कॅप्सूल किती काढली याचा संबंध नव्हता. पूर्ण काढलेल्यांनाही बरं वाटलं, अर्धवट काढलेल्यांनाही. त्या मुलीच्या सर्जननेही तिला आधीच बजावलं होतं की थकवा जाईल याची खात्री मी देत नाही. तरीही तिने काढलं, कारण तिला ते आता अंगात नको होतं. पुढे तिचे सांधे सुधारले, विसराळूपणा राहिला. हे ती स्वतः सगळ्यांना सांगते, आणि तिचं हे सरळ सांगणं मला फार मोलाचं वाटतं.

६. टेक्स्चर्ड इम्प्लांट आहे म्हणून रातोरात काढायला धावू नये

माझी भाची न्यू जर्सीत असते. २०१९च्या जुलैत तिचा रडत फोन आला, "आत्या, माझंच आहे ते." २४ जुलैला एफडीएच्या सांगण्यावरून अॅलर्गन कंपनीने बायोसेल नावाची टेक्स्चर्ड, म्हणजे खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांटं जगभरातून परत मागवली होती. कारण होतं कॅप्सूलमध्ये होणारा एक दुर्मिळ लिम्फोमा. तोवर जगभरातून ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदले गेले होते, आणि त्यातली बहुतेक इम्प्लांटं त्याच कंपनीची होती.

मी तिला दोन गोष्टी सांगितल्या, त्या आजही सांगते. पहिली अशी की हा स्तनाचा कर्करोग नाही, लसीकापेशींचा निराळा कर्करोग आहे. तो बहुधा इम्प्लांट बसवल्यावर सात-दहा वर्षांनी, अचानक एका बाजूला पाणी साठून सूज येऊन उघड होतो. ते पाणी सुईने काढून सीडी-३० ही विशेष तपासणी केली की निदान होतं. लवकर सापडला तर इम्प्लांट आणि पूर्ण कॅप्सूल काढून बहुतेक जणी बऱ्या होतात. दुसरी अशी की ज्या बाईला काहीच लक्षण नाही, तिने नुसत्या भीतीने काढून घ्यावं अशी शिफारस एफडीएने केलेली नाही. भूल, रक्तस्राव, संसर्ग हे धोके त्या दुर्मिळ आजाराच्या शक्यतेपुढे लहान ठरत नाहीत. भाचीने काढलं नाही. दरवर्षी तपासून घेते, आणि कुठल्याही सुजेला 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत नाही.

७. धोके कागदावर वाचायचे नसतात, तोंडी विचारायचे असतात

संमतीपत्रावर सगळं लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात, आणि सही घ्यायला सिस्टर पेन उघडून उभी असते. आदल्या भेटीतच एकेक विचारून घ्यावं.

पहिल्या चोवीस तासांतला मोठा धोका रक्त साठण्याचा. एकच बाजू एकाएकी फुगली, ताणली, काळीनिळी पडू लागली, दुखणं वाढत गेलं, तर सकाळची वाट बघायची नसते. कधी कधी पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत नेऊन रक्त काढावं लागतं. नंतरच्या दिवसांत पाणी साठतं. ते बहुधा सुईने ओपीडीतच काढतात, दोन-तीनदाही काढावं लागतं. ताप, लाली, पू हा संसर्ग. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, काहींची परत येत नाही. इम्प्लांट काढतानाच स्तन वर उचलण्याचं ऑपरेशनही केलं तर कातडीचा आणि स्तनाग्राचा रक्तपुरवठा कमी पडण्याचा धोका वाढतो, आणि सिगारेट ओढणाऱ्या बाईत तो फारच वाढतो. रेडिएशन झालेली कातडी हळू भरते. माझ्या जखमेचं एक टोक महिनाभर ओलं होतं.

पायात गुठळी होण्याचा धोका कोणत्याही मोठ्या ऑपरेशनला असतो, पण टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगानंतर देतात ती गोळी) घेणाऱ्या बाईला तो जास्त. गोळी थांबवायची का, किती दिवस, हे कर्करोगाचे डॉक्टर आणि सर्जन यांनी मिळून ठरवायचं. आपण मनाने बंद करायची नाही, आणि सांगायची राहूनही द्यायची नाही. अॅस्पिरिन, रक्त पातळ करणारी औषधं, माशाच्या तेलाच्या किंवा लसणाच्या गोळ्या, वैद्यांचं चालू असलेलं चूर्ण, सगळं सांगायचं.

८. भूलतज्ज्ञांपासून काहीच लपवायचं नाही

सासरी इम्प्लांटचं माहीत नाही म्हणून एक बाई भूल देणाऱ्या डॉक्टरांसमोर, सासू शेजारी असल्याने, आधीचं ऑपरेशन नाकारून बसली होती. डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय, असं सिस्टरला सांगता येतं. तेवढं सांगा.

९. ड्रेनशी ओळख करून घ्यावी

मला भीती वाटत होती टाक्यांची, आणि त्रास दिला तो ड्रेनने. काखेखालून एक नळी बाहेर येते, तिच्या टोकाला चेपलेला प्लास्टिकचा बल्ब. तो चेपलेला राहिला तरच आतलं पाणी ओढलं जातं. फुगला म्हणजे काम बंद. वॉर्डातल्या मावशींनी मला शिकवलं: एका हाताने नळी अंगाजवळ घट्ट धरायची, म्हणजे टाक्याला हिसका बसत नाही, आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी ती खाली बल्बकडे पिळत न्यायची. बोटं सरकावीत म्हणून सॅनिटायझरचा थेंब लावायचा. आत साकळलेलं रक्त असं सरकतं. मग बल्ब मोजपात्रात रिकामा करायचा, किती मिली आणि कोणता रंग ते वहीत लिहायचं, हवा दाबून काढून झाकण लावायचं. आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातं. गुलाबी झालेलं पुन्हा गडद लाल झालं तर फोन करायचा. चोवीस तासांचं माप डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याखाली, बहुधा पंचवीस-तीस मिलीखाली आलं की नळी काढतात.

लेकीने जुन्या सुती ओढणीची पिशवी शिवून दिली, गळ्यात अडकवायची. बल्ब तिच्यात ठेवून मी घरभर फिरायचे. नाहीतर तो गाऊनला सेफ्टी पिनने लटकवतात आणि खुर्चीच्या हाताला अडकून जीव जातो.

ज्यांचं इम्प्लांट स्नायूखाली असतं, त्यांचा स्नायू इम्प्लांट काढल्यानंतर पुन्हा छातीला शिवून बसवतात. त्यामुळे खांदा आखडतो. फिजिओने सांगितलेले व्यायाम कंटाळा न करता करावेत. कुकर उचलणं, बादली, नातवाला कडेवर घेणं हे डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. घरात करणारं कुणी नसेल तर ऑपरेशनची तारीख तशी धरावी.

१०. काढल्यावर आधीचं परत मिळत नाही, आणि ते आधीच बघून ठेवता येतं

ज्या बाईचा स्वतःचा स्तन आहे, तिला सुरुवातीला तो ओघळलेला, पोकळ, कधी मध्ये खळगा पडलेला दिसतो. इतकी वर्षं ताणलेली कातडी आणि दबलेलं ऊतक सावरायला तीन ते सहा महिने लागतात. बऱ्याच जणींचा आकार तेवढ्यात बराच सुधारतो. म्हणून स्तन उचलण्याचं किंवा स्वतःची चरबी भरण्याचं ऑपरेशन लगेचच केलं पाहिजे असं नाही. थांबून, बघून ठरवता येतं. भरलेल्या चरबीतला काही भाग विरून जातो आणि तिच्या गाठी नंतर मॅमोग्राफीत गोंधळ करू शकतात, हेही आधी माहीत असावं.

माझ्यासारखीला स्तनच नाही. पाठीचा स्नायू किंवा पोटाची चरबी-कातडी आणून नवा स्तन करता येतो, पण ते मोठं ऑपरेशन, दुसरी जखम, जास्त दिवस. मी सपाट राहायचं ठरवलं. हे ऐकून नात्यातल्या दोघी-तिघींनी तोंडं पाडली. नवरा म्हणाला, "तुला झोप लागेल ना डाव्या कुशीवर? मग झालं." सपाट करायचं असेल तर सर्जनला एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. जादा कातडी नीट काढून छाती सपाट शिवा, पुढे कधी पुन्हा बसवायचं असेल म्हणून सोडून ठेवू नका. हे स्पष्ट नाही सांगितलं तर काखेकडे कातडीची घडी राहते, ती घामाने घासली जाते आणि ब्लाउजच्या शिवणीत येते. बाहेरून लावायचा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो, सुती विणलेले हलकेही मिळतात. मी लग्नकार्याला हलका लावते, एरवी नाही.

ऑपरेशनआधी डॉक्टरांकडून इतर रुग्णांचे, त्यांच्या परवानगीने काढलेले फोटो मागून बघावेत. चांगले निकालच नव्हे, मधले आणि वाईटही. ज्यांच्याकडे फक्त सुंदर फोटो आहेत, त्यांना बाकीचे मागायला लाजू नये.

११. कागद सांभाळले तर पुढे कामी येतात

इम्प्लांटबरोबर एक कार्ड मिळतं. कंपनी, प्रकार, आकार, क्रमांक. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने इम्प्लांटमध्ये वैद्यकीय दर्जाचं सिलिकॉन न वापरता औद्योगिक सिलिकॉन भरल्याचं २०१० साली उघडकीस आलं. तिच्या संस्थापकाला २०१३ साली चार वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळी देशोदेशीच्या बायकांपुढे पहिला प्रश्न होता, माझ्या छातीत कोणाचं आहे? कार्ड हरवलं असेल तर बसवलेल्या रुग्णालयातून ऑपरेशनची नोंद मागवा. काढलेल्या इम्प्लांटचा फोटो आणि क्रमांक नोंदीत लिहून घ्यायला सांगा. उपकरणातल्या दोषांची नोंद ठेवणारा, २०१५ साली सुरू झालेला आपला राष्ट्रीय कार्यक्रम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगातून चालतो. डॉक्टरांना तिथे कळवायला सांगता येतं.

विम्याचं तर वेगळंच. आरोग्य विम्याच्या ठरलेल्या कलमांत सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली आहे. पण कर्करोग, अपघात, भाजणं यानंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीत येत नाही. आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका टाळण्यासाठीची शस्त्रक्रियाही येत नाही, मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं लिहून द्यावं लागतं. माझ्या फाइलवर विम्याचे दावे तपासणाऱ्या टीपीएच्या टेबलावरून पहिला शेरा आला, 'कॉस्मेटिक.' जुन्या कर्करोगाच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचं पत्र जोडल्यावर तो हटला. ज्यांनी मर्जीने बसवलं त्यांनी खर्च स्वतःचा धरून चालावं, आणि रुग्णालयाकडून भूल, ओटी, पॅथॉलॉजी, पुन्हा ओटीत न्यावं लागलं तर काय, असा सगळा अंदाज लेखी घ्यावा.

१२. काढून झालं तरी तपासणी सुटत नाही

फुटलेल्या इम्प्लांटचं थोडं जेल काखेतल्या लसीकाग्रंथीत जाऊन बसू शकतं आणि तिथेच राहतं. सहसा त्याचा त्रास नसतो. पण पुढे कधी तपासणीत ती गाठ मोठी दिसते, आणि कर्करोग होऊन गेलेल्या बाईच्या काखेत मोठी गाठ म्हणजे काय, हे सांगायला नको. मला तशी दिसली. रिपोर्ट देण्याआधी सोनोग्राफी करणाऱ्या मॅडमनी विचारलं, "आधी सिलिकॉन होतं का? फुटलं होतं?" मी ऑपरेशनची नोंद पुढे केली. तिच्यात जेल कॅप्सूलबाहेर किती आलं होतं ते लिहिलेलं होतं. सिलिकॉन सोनोग्राफीत पांढऱ्या धुक्यासारखं पसरलेलं दिसतं, ते त्यांना ओळखता आलं. तरी सुईने तपासून घेतलं. सिलिकॉनच निघालं. आता ती नोंद उजव्या स्तनाच्या मॅमोग्राफीच्या फाइलीतच ठेवलेली असते, आणि दरवर्षी दोन्ही एकदमच नेते.